घोडा पाळीव कधी झाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घोडेवाला नव्हे. पुरातत्त्वाच्या नादाने या विषयात शिरलो आणि अडकलो. शाळांत, वाचनालयांत घोड्याच्या इतिहासावर बोलायला जातो, आणि बोलून झालं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. ज्यात मला रस आहे तिथे रेंगाळलो, हे कबूल.

आधी थोडक्यात सांगा: कुठे आणि कधी?

अरबी, काठियावाडी, मारवाडी, आपला भीमथडी, युरोपातले गाडे ओढणारे धिप्पाड घोडे... आज जगात जेवढे पाळीव घोडे आहेत त्या सगळ्यांचं मूळ एकाच भागात पोचतं. काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या उत्तरेला जी गवताळ मैदानं आहेत, तिथल्या व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या अंगाचा प्रदेश. आज तो रशियात येतो. काळ साधारण इ.स.पू. २२००, म्हणजे आजपासून सुमारे ४,२०० वर्षं.

त्याच्याही हजारेक वर्षं आधी कझाकस्तानात लोक घोडे राखून होते, असं मानायला जागा आहे. पण ते आपल्या घोड्यांचे पूर्वज नव्हेत. सगळा गोंधळ होतो तो इथे. जुन्या पुस्तकांत इ.स.पू. ४०००, कुठे ३५००, कुठे २००० असे वेगवेगळे आकडे दिसतात, कारण प्रत्येक लेखक वेगळ्याच गोष्टीची तारीख देत असतो.

माणसाळलेला आणि पाळीव यांत फरक काय?

हत्ती माणसाळतो. माहुताचं ऐकतो, ओंडके वाहतो, मिरवणुकीत शांत चालतो. पण शेकडो वर्षं हत्ती रानातून धरून आणले गेले. त्यांची वीण माणसाने पिढ्यान्पिढ्या आपल्या हातात घेतली नाही. गाईचं तसं नाही. कोणती कालवड ठेवायची, कोणता खोंड वळू म्हणून राखायचा, हे घरचा माणूस ठरवत आला आणि गाय हळूहळू आपल्या रानटी पूर्वजांपासून वेगळी झाली.

घोड्याच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न विचारायचा: वीण कोणाच्या हातात होती? एखाद्या धाडसी पोराने कधीतरी रानघोड्याच्या आयाळीला धरून त्याच्यावर उडी मारली असेलही. ते दहा हजार वर्षांपूर्वीही झालं असेल. त्याची खूण जमिनीत राहत नाही, आणि राहिली तरी त्याने घोडा पाळीव झाला असं ठरत नाही.

शेळी-मेंढी, गाय दहा हजार वर्षांपूर्वी पाळली गेली. घोड्यालाच इतका उशीर का?

कुत्रा तर त्याच्याही आधीचा. आणि गंमत म्हणजे गाढवसुद्धा घोड्याच्या आधी पाळीव झालं. २०२२ मधल्या जनुकीय अभ्यासानुसार पूर्व आफ्रिकेत सुमारे ७,००० वर्षांपूर्वी. गाढवाला आपण इतकी नावं ठेवतो, पण ज्येष्ठतेत ते घोड्याच्या फार पुढे आहे.

घोडा माणसाला आधी ठाऊक होता तो शिकार म्हणून. फ्रान्समधल्या सोल्युत्रे इथे एका कड्याच्या पायथ्याशी हिमयुगातल्या शिकाऱ्यांनी मारलेल्या घोड्यांच्या हाडांचे थर सापडले आहेत. त्याच काळात माणसं गुहांच्या भिंतींवर घोडे रंगवत होती, आणि अप्रतिम रंगवत होती. फ्रान्समधल्या पेश-मेर्ल गुहेत तर ठिपक्यांचे घोडे आहेत. ते कलाकाराच्या मनातले ठिपके असावेत असं बरीच वर्षं म्हटलं जाई. नंतर हिमयुगातल्या घोड्यांच्या हाडांत ठिपक्यांचं जनुक खरोखरच सापडलं. चित्रकार बघून रंगवत होता.

शिकार सहज मिळत असताना पाळायचं कशाला? आणि जनावर तरी कसं: बुजरं, लाथा झाडणारं, संकट दिसलं की पळत सुटणारं. मग गवताळ मैदानातल्या लोकांना ते राखावंसं का वाटलं? एक कारण मला पटतं. तिकडचा हिवाळा भयंकर. गाई-मेंढ्या तोंडाने जेवढा भुसभुशीत बर्फ बाजूला होईल तेवढंच गवत खातात; वर कडक थर जमला की उपाशी मरतात. घोडा खुराने बर्फ फोडतो आणि खालचं गवत काढून खातो. हिवाळ्यात वैरण न घालता जगणारं मांस, असा घोड्याचा पहिला उपयोग असणार. ऐट वगैरे पुष्कळ नंतरची.

बोताई हे नाव सारखं येतं. ते काय प्रकरण आहे?

उत्तर कझाकस्तानात बोताई नावाचं स्थळ आहे. काळ साधारण इ.स.पू. ३५००. १९८० पासून तिथे उत्खनन झालं. जमिनीत अर्धी खणलेली घरं निघाली, शंभरावर. आणि हाडं! तीन लाखांच्या वर तुकडे, आणि त्यांतले ९० टक्क्यांहून जास्त घोड्याचे. शेतीचा मागमूस नाही. अख्खं गाव घोड्यावर जगत होतं.

आता हे लोक रानघोडे मारून आणत होते की दावणीला बांधून होते? २००९ मध्ये संशोधकांनी तीन पुरावे पुढे ठेवले. घोड्यांच्या काही दातांवर लगाम घासल्यासारख्या खुणा होत्या. पायांची हाडं रानघोड्यांपेक्षा सडपातळ वाटली. आणि तिसरा पुरावा मडक्यांतला. मातीच्या भांड्यात शिजवलेली चरबी भांड्याच्या अंगात मुरते आणि हजारो वर्षं टिकते. ती घोड्याची आहे हे कळलं, पण मांसाची की दुधाची? इथे त्यांनी फार सुंदर युक्ती केली. त्या प्रदेशात उन्हाळ्याचं पावसाचं पाणी आणि हिवाळ्याच्या बर्फाचं पाणी यांत जड हायड्रोजनचं प्रमाण वेगवेगळं असतं. मांसातली चरबी वर्षभराच्या पाण्यावर साठते. घोडीचं दूध मात्र काढलं जातं ते उन्हाळ्यात. काही खापऱ्यांतल्या चरबीवर निव्वळ उन्हाळ्याची खूण निघाली.

रानघोडीचं दूध कोण काढणार? कझाक लोक आजही घोड्या पिळतात. शिंगरू जवळ आणून दोन घोट पिऊ दिल्याशिवाय घोडी पान्हा सोडत नाही, आणि सड इतके लहान की दिवसातून अनेकदा धार काढावी लागते. त्या दुधाचं आंबवलेलं पेय म्हणजे कुमिस. आपल्याकडे घोडीच्या दुधाचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात, तिकडे ते पाहुण्यापुढे मानाने ठेवतात.

तर २००९ मध्ये सगळ्यांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. मग २०१८ मध्ये बोताईच्या घोड्यांचा डीएनए वाचला गेला, आणि ते आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज नाहीतच असं निघालं. २०२१ मध्ये आणखी एका अभ्यासाने दाताच्या खुणांवरच बोट ठेवलं: तशी झीज रानघोड्यांच्या दातांवर निसर्गतःही दिसते. पुन्हा २०२४ मध्ये जनुकांवरून असं दिसलं की बोताईच्या घोड्यांची वीण नेहमीपेक्षा लवकर होत होती, म्हणजे माणसाचा हात असावा. मला विचाराल तर बोताईकर घोडे राखत होते, दूध-मांसासाठी, आणि त्यांच्यासोबतच ती पद्धत संपली. वादाचा निकाल मात्र लागलेला नाही.

मग बोताईचे घोडे गेले कुठे?

त्यांचे वंशज आहेत! मंगोलियातला प्रझेवाल्स्कीचा घोडा. बुटका, मातकट रंगाचा, ताठ उभी आयाळ आणि कपाळावर झुलपं नाही. जगातला शेवटचा खरा रानघोडा म्हणून तो शे-सव्वाशे वर्षं मिरवला. आपल्या घोड्याची गुणसूत्रं ६४, याची ६६. दोघांची संतती मात्र वांझ नसते.

बोताईचा डीएनए आल्यावर तो बोताईच्या घोड्यांच्या शाखेतला ठरला. बोताईचे घोडे खरोखर पाळीव असतील, तर हा एकेकाळच्या पाळीव घोड्याचा रानात परतलेला वंशज. १९६९ नंतर तो निसर्गातून नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांतल्या डझनभर घोड्यांपासून वंश पुन्हा वाढवून १९९२ पासून मंगोलियात सोडले, आणि २०२४ मध्ये प्राग आणि बर्लिनहून सात घोडे विमानाने कझाकस्तानात पोचवले. बोताईच्या मुलखात.

आपले घोडे व्होल्गा-डॉनकडचे, हे कशावरून?

२०२१ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या लुदोविक ओर्लांदो यांच्या गटाने युरोप-आशियाभरच्या २७३ प्राचीन घोड्यांचे जनुकीय आराखडे प्रसिद्ध केले. त्याआधी इबेरियाचे (स्पेन-पोर्तुगाल), अनातोलियाचे (आजचं तुर्कस्तान), सायबेरियाचे असे प्रदेशाप्रदेशाचे घोडे एकमेकांपासून वेगळे होते. इ.स.पू. २००० च्या आगेमागे एकच वाण चहूकडे पसरायला लागतं, आणि काही शतकांत बाकीचे जवळपास पुसले जातात. त्या वाणाची मुळं व्होल्गा-डॉनच्या खालच्या अंगाला.

२०२४ मध्ये त्यांनी आकडा ४७५ वर नेला आणि एक जास्त बोलकी गोष्ट दाखवली. घोड्याची एक पिढी किती वर्षांची, हे जनुकांवरून काढता येतं. इ.स.पू. २२०० च्या सुमारास तो काळ एकदम आखडून जवळपास निम्म्यावर आला. कोणीतरी मुद्दाम, घाईने घोडे वाढवत होतं. घोड्यांना गिऱ्हाईक मिळालं होतं, असं मी श्रोत्यांना सांगतो.

गिऱ्हाईक कशाला? या वाणात दोन जनुकांवर निवडीचा ठसा दिसतो. एकाचा संबंध उंदरांमध्ये भीती आणि अस्वस्थतेशी लागतो. दुसऱ्याचा पाठीच्या कण्याशी; माणसात त्याच जनुकाच्या भानगडीने पाठदुखी होते. शांत डोकं आणि भक्कम पाठ. सारंगखेड्याच्या बाजारात आजही गिऱ्हाईक आधी हेच दोन बघतं.

लगामाची खूण दातावर कशी पडते?

सारंगखेड्याचाच प्रसंग सांगतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला हा घोडेबाजार भरतो. डिसेंबरची थंडी, तोबरे बांधलेल्या घोड्यांची रांग, चंदीचा आणि लिदीचा मिसळलेला वास. एका व्यापाऱ्याने घोडीचं वय दाखवायला तिचा ओठ अंगठ्याने खाली दाबला, जीभ मुठीत धरून बाजूला ओढली आणि मला म्हणाला, "भाऊ, इथं बोट घाला." पुढचे दात संपल्यावर दाढा सुरू होईपर्यंत चार बोटं बसतील एवढी नुसती गुळगुळीत हिरडी. "ही जागा देवानं लगामासाठीच ठेवली."

देवाचं मला माहीत नाही, पण जागा तशीच आहे. लगामाची कडी या मोकळ्या हिरडीवर बसते. घोडा वैतागला की जिभेने ती मागे ढकलतो आणि पहिल्या दाढेत धरून चावतो. धातूची कडी असेल तर दाढेची पुढची कड झिजते. दोरी-चामड्याचा लगाम असेल तर झीज इतकी बारीक की वाद आलाच.

या वादात एक फजिती प्रसिद्ध आहे. युक्रेनमधल्या देरेइव्का इथे एका घोड्याची कवटी मिळाली, दाढांवर लगामाची स्पष्ट झीज. ज्या थरात सापडली त्यावरून ती सहा हजार वर्षांपूर्वीची मानली गेली. जगातला पहिला स्वारीचा घोडा म्हणून ती पाठ्यपुस्तकांत गेली. नंतर त्या हाडांचंच कार्बन वयमापन झालं, तर घोडा इ.स.पू. ७०० ते २०० मधला! कोणीतरी नंतर खड्डा खणून जुन्या थरात पुरला होता. ज्या अमेरिकन अभ्यासकांनी त्या दातांवर सिद्धान्त उभारला होता, त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. "अमुक ठिकाणी इतक्या हजार वर्षांपूर्वीचा घोडा सापडला" अशी बातमी वाचली की मी आधी बघतो, तारीख हाडाची आहे की मातीची.

आधी स्वारी की आधी रथ?

माझा कल असा: माणसं आधीपासून अधूनमधून बसत असणार, पण घोड्याला प्रतिष्ठा दिली ती रथाने.

काळ्या समुद्राच्या उत्तरेचे याम्नाया लोक इ.स.पू. ३००० च्या आसपास युरोपात पसरले. घोड्यावर स्वार होऊन आले, हे चित्र फार लोकप्रिय. २०२३ मध्ये त्यांच्या काही सांगाड्यांच्या कंबरेत, मांडीच्या हाडांत आणि मणक्यांत स्वाराच्या खुणा दाखवल्या गेल्या. पण त्यांच्याबरोबर घोड्यांचं वाण काही युरोपात गेलेलं दिसत नाही. ते गेले बैलगाड्यांनी, असं धरणं बरं.

उरल पर्वताच्या दक्षिणेला सिंताश्ता इथे इ.स.पू. २००० च्या सुमाराच्या कबरींत आऱ्यांच्या चाकांचे रथ आहेत. रथ म्हणजे लाकूड राहिलेलं नाही. चाकं बसवण्यासाठी कबरीच्या तळाला खाचा खणल्या होत्या, त्यांत चाकाच्या धावेचा आणि आऱ्यांचा ठसा मातीत उमटून राहिला. सोबत घोडे, आणि गालांवर बसणाऱ्या हाडाच्या चकत्या, आतल्या बाजूने टोकदार. वळवायला ओढलं की गालात टोचावं अशी सोय.

स्वारीकडे राजेलोक कसे बघत, याचं एक पत्रच आहे. इ.स.पू. १८व्या शतकात, फरात नदीकाठच्या मारी राज्यात, झिम्री-लिम राजाला त्याचा अधिकारी लिहितो: महाराजांनी घोड्यावर बसू नये, गाडीत किंवा खेचरावर बसावं आणि आपल्या राजेपणाचा मान राखावा. घामट जनावरावर पाय फाकून बसणं शोभत नव्हतं.

खरं घोडदळ त्यानंतर हजारेक वर्षांनी. असीरियाच्या (आजचं उत्तर इराक) इ.स.पू. ९व्या शतकातल्या शिल्पांत स्वार जोडीने धावतात: एक दोन्ही घोड्यांचे लगाम धरतो, दुसरा बाण सोडतो. रथावरचा सारथी आणि धनुर्धर जसेच्या तसे उचलून घोड्यांच्या पाठीवर ठेवले. हात सोडून स्वारी करायची सवय अजून जडायची होती.

घोड्याच्या आधी गाड्यांना काय जुंपत?

बैल आणि गाढव. मेसोपोटेमियात तर एक खास संकर होता, कुंगा. सिरियातल्या उम्म अल-मर्रा इथल्या सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या हाडांचा डीएनए २०२२ मध्ये वाचला, तेव्हा कळलं की आई पाळीव गाढवीण आणि बाप सिरियाचं रानगाढव. ते रानगाढव धरणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि कुंगा वांझ, म्हणून दर वेळी नवा संकर करावा लागे. घोडा आला आणि ही कटकट संपली. दक्षिण मेसोपोटेमियातल्या सुमेरी लोकांनी घोड्याला नाव दिलं त्याचा अर्थ "डोंगरातलं गाढव".

आपल्याकडे दायमाबादचा रथ आहेच. प्रवरेकाठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला खणताना चार ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या. त्यातल्या रथावर माणूस उभा आहे, चाकं भरीव, आणि पुढे जुंपलेले दोन बैल. मी हे चित्र दाखवलं की मागून कोणीतरी हमखास "घोडे" म्हणतं. शिंगं बघा म्हणावं.

घोड्यांच्या शिक्षणाचं सर्वांत जुनं पुस्तक आपल्या भाषेत आहे, हे खरं का?

अर्धं खरं, आणि अर्धं असूनही थक्क करणारं. तुर्कस्तानात प्राचीन हिटाइट लोकांच्या राजधानीत, हत्तुशात, मातीच्या पाट्यांवर एक ग्रंथ सापडला. इ.स.पू. १४०० च्या आसपासचा. सुरुवातच अशी: मितन्नी देशचा अश्वशिक्षक किक्कुली असं सांगतो. पुढे रथाचे घोडे तयार करण्याचा सुमारे सात महिन्यांचा कार्यक्रम: कोणत्या दिवशी किती पळवायचं, कधी धुवायचं, किती दाणा घालायचा.

ग्रंथ हिटाइट भाषेत आहे. पण फेऱ्यांचे शब्द बघा: ऐक-वर्तन्न, तेर-वर्तन्न, पंझ-वर्तन्न, सत्त-वर्तन्न, न-वर्तन्न. एक फेरा, तीन, पाच, सात, नऊ. सिरियाच्या उत्तरेतल्या मितन्नींचे अश्वशिक्षक धंद्याचे शब्द भारतीय-आर्य वळणाचे वापरत होते. मराठी शाळेतल्या पोरांना हे वाचून दाखवलं की ती न सांगता आकडे ओळखतात.

भारतात घोडा कधी आला? सिंधू संस्कृतीत घोडा होता का?

या प्रश्नावर सभागृहात आवाज चढतात, म्हणून मी हाडांपुरतं बोलतो.

हडप्पाच्या मुद्रांवर बैल, हत्ती, गेंडा, वाघ आहेत, घोडा नाही. कच्छमधल्या सुरकोटडा इथल्या काही हाडांना हंगेरीचे तज्ज्ञ शांडोर बोकोनी यांनी खऱ्या घोड्याची म्हटलं. अमेरिकन तज्ज्ञ रिचर्ड मेडो यांना ते पटलं नाही. अडचण अशी की कच्छच्या रणात रानगाढवं आजही हिंडतात, आणि एखादा दात किंवा खुरावरचं हाड हातात धरून घोडा की रानगाढव हे सांगणं तज्ज्ञांनाही जड जातं. बलुचिस्तानात पिराक इथे इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात घोड्यांच्या आणि स्वारांच्या मातीच्या मूर्ती मिळतात, तिथून पुढे पुरावा पक्का होत जातो. व्होल्गा-डॉनकडच्या वाणाच्या पसाऱ्याशी हा काळ जुळतो.

उत्तर प्रदेशातल्या सिनौलीला २०१८ मध्ये कबरींत गाड्या निघाल्या. त्यांना रथ म्हणावं की गाडी, यावर रान पेटलं. चाकं भरीव आहेत, त्यांवर तांब्याचे त्रिकोण जडवलेले. घोड्याचा सांगाडा सोबत नाही. काम मात्र देखणं आहे, आणि जुंपलेलं जनावर बैल निघालं तर त्याने कोणाचं काय बिघडतं, हे मला कळलेलं नाही.

आणखी एक ठरलेला प्रश्न: ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळातल्या १६२व्या सूक्तात घोड्याला ३४ बरगड्या सांगितल्या आहेत, मग तो वेगळा भारतीय घोडा होता का? घोड्याला सहसा १८ जोड्या, म्हणजे ३६ बरगड्या असतात. पण १७ जोड्यांचे घोडेही अधूनमधून जन्मतात. त्यावरून वेगळी जात उभी करता येत नाही.

महाराष्ट्रात सर्वांत जुने घोडे कुठे सापडले?

विदर्भात. याची कल्पना नागपूरकरांनाही नसते. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा, सगळी नागपूरच्या आसपासची ठिकाणं. लोहयुगातल्या शिळावर्तुळांच्या कबरी, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातल्या. डेक्कन कॉलेज आणि नागपूर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी, त्यांत शां. भा. देव यांचं नाव मोठं, त्या उकरल्या. मोठमोठ्या धोंड्यांच्या वर्तुळात माणसाशेजारी घोड्याची हाडं, लोखंडी लगाम, आणि घोड्याच्या डोक्यावर बांधायचे तांब्याचे दागिने. माहुरझरीच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत; मालकाबरोबर घोडाही बळी गेला. देशावरच्या शिलेदाराच्या दोन हजार वर्षं आधी विदर्भाकडे घोडेस्वाराला असा मान होता.

"घोडा" हा शब्द कुठला?

"अश्व" हा जुना, लांबच्या सोयऱ्यांचा शब्द: पारशांच्या अवेस्तात अस्प, लॅटिनमध्ये एक्वुस, लिथुआनियनमध्ये घोडीला अश्वा. "घोडा" आला "घोटक"वरून, आणि तो वेदांत नाही. तो बाहेरून संस्कृतात शिरला असं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. बोलण्यात मात्र तोच जिंकला. अश्व राहिला अश्वशक्तीपुरता.

आपण घोडे बाहेरून का आणत होतो?

दमट हवा आणि चराऊ कुरणांची टंचाई, म्हणून किनाऱ्यावर आणि दक्षिणेत चांगली पैदास टिकत नसे. मार्को पोलोने तर दक्षिणेतल्या लोकांना घोडा सांभाळता येत नाही अशी तक्रारच लिहून ठेवली आहे. अरबस्तान-इराणचे घोडे जहाजांनी यायचे. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला तेव्हा हा व्यापार मुठीत येणं हे मोठं आमिष होतं. पुढे घोड्यांवरच्या जकातीने त्यांची तिजोरी भरली. विजयनगरचा राजा इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदराचे १३,००० घोडे दरसाल घेतो, असं नूनिझ या पोर्तुगीज व्यापाऱ्याने लिहिलं आहे.

भीमा-नीरेच्या कोरड्या खोऱ्यांत मात्र घोडा रुजला. भीमथडीचं तट्टू उंचीला कमी, पण डोंगर चढायला आणि थोड्या चाऱ्यावर राहायला तयार. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. ते तट्टू आज धनगरांच्या वाड्यांवर दिसतं, मेंढरांमागून संसार वाहताना: पाठीवर भांडी, वर कोंबड्या, कधी एखादं लेकरू. अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली.

रिकीब कधीची?

बरीच उशिराची. सांचीच्या शिल्पांत स्वाराच्या पायाचा अंगठा अडकेल एवढी दोरीची कडी दिसते. अनवाणी देशाला साजेशी. पूर्ण पाऊल मावणारी रिकीब चीनमध्ये इ.स. ४थ्या शतकात. सिकंदराचं घोडदळ रिकिबीशिवाय लढलं.

अमेरिकेत घोडा स्पॅनिश लोकांनी नेला ना?

परत नेला. घोड्याचं कूळ मुळात उत्तर अमेरिकेतलं. तिथून ते आशियात आलं आणि सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मायभूमीत संपलं. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत घोडे नेले. तिथले मोकाट मस्टँग घोडे हे त्या पाळीव घोड्यांचेच, मोकाट सुटलेले वंशज.

वरातीतला पांढरा घोडा जन्मतःच पांढरा असतो का?

सहसा नाही. शिंगरू काळं, तांबडं किंवा बदामी जन्मतं आणि वयाबरोबर पिकत जातं, सहा-आठ वर्षांत पांढरंफेक. एका जनुकाचा एक तुकडा दुप्पट झाल्याने हे होतं, आणि अरबीपासून युरोपातल्या घोड्यांपर्यंत सगळ्या पिकणाऱ्या घोड्यांत तोच एक बदल आहे: म्हणजे तो कधीतरी एकाच जनावरात झाला आणि माणसांनी हौसेने जगभर नेला. अशा घोड्यांना म्हातारपणी शेपटीखाली काळ्या गाठी होण्याची खोडही त्याच बदलातून येते. पुढच्या वरातीत घोडीच्या नाकपुड्यांजवळ आणि डोळ्यांभोवती बघा. केस विरळ असतात तिथे खालची कातडी काळी दिसेल.